जुन्या जीपचे ब्रेक: डिस्क टाकू की आहे तेच नीट करू?

उंचबॉनेट:
मंडळी, माझ्याकडे १९५८ ची विलीस सीजे-३बी आहे, तीच ती उंच बॉनेटवाली. हरिकेन इंजिन ठणठणीत, गिअरबॉक्स थोडा ओरडतो पण चालतंय. प्रश्न ब्रेकचा आहे. चारही चाकांना ९ इंची ड्रम (चाकासोबत फिरणारा डबा, आतून शू दाबले की ब्रेक), मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा) पायाखाली चॅसीला, ऑइलचं सर्किट एकच, बूस्टर-बिस्टर (पायाचा जोर वाढवणारा) काही नाही. सपाटीला ठीक असतं पण उतारावर दोन-चार वळणं झाली की पेडल खाली खाली जायला लागतं, आणि पाण्यातून बाहेर निघालं की सुरुवातीला तर ब्रेक आहे की नाही अशीच शंका. त्यात टायर मूळच्यापेक्षा मोठे आहेत. पुढच्या चाकांना डिस्क किट (फिरणारी चकती, तिला दोन्हीकडून पॅड धरतात) टाकायचं जवळजवळ ठरवलंय. कोणी केलंय का? मागे ड्रम ठेवून चालेल का? बूस्टर लागेलच का? सविस्तर लिहा, घाई नाही, गाडी सध्या उभीच आहे.

पाना_चौदा:
"घाई नाही, गाडी उभीच आहे" हे वाक्य ज्याने ज्याने लिहिलं त्याच्या गाडीखाली पुढे गवत उगवलेलं पाहिलंय. शुभेच्छा.

चिखलगाडी:
डिस्क. विषय संपला.

बरं, सविस्तर म्हणालात म्हणून लिहितो. ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून लांब जातो, म्हणून पेडल पळतं. डिस्क तापली तरी पॅडच्याच दिशेने जाडावते, त्यामुळे पेडल जागेवर राहतं. पाण्याचं म्हणाल तर डिस्क उघडी असल्यामुळे पाणी फेकलं जातं आणि पॅड लगेच पुसून घेतात. ड्रममध्ये शिरलेलं पाणी आतच फिरत बसतं आणि चिखल शिरला तर त्याहून वाईट, तो बाहेर येतच नाही, लायनर (शूवरचा घासणारा थर) आणि ड्रम दोघांनाही खात बसतो. मी माझ्या गाडीला पुढे डिस्क टाकल्यापासून ओढ्यातून निघाल्यावर ब्रेकवर पाय ठेवून फरफटत चालवणं बंद झालंय. ज्याला डिस्क नको त्याने अजून उतार बघितलेला नाही.

लो_रेंज:
थांबा जरा. पेडल खाली जातंय हे लक्षण झालं, रोग काय ते कुठे बघितलंय अजून?

गाडी उभी करून पेडल दाबून धरा. ते पायाखाली हळूहळू सरकत फळीला टेकलं आणि बाहेर कुठे थेंब दिसला नाही, तर मास्टरच्या आतला रबर कप गेलाय. पहिल्या दाबाला खाली जातं आणि लगेच दोनदा पंप मारला की वर येतं, असं असेल तर शू आणि ड्रममधलं अंतर वाढलंय, नुसतं अ‍ॅडजस्ट करायला झालंय. आणि थंड गाडीला छान, तापल्यावरच खाली जातं, असं असेल तर चिखलगाडी म्हणतात तसा ड्रम फुगतोय, किंवा ब्रेक ऑइलने पाणी शोषलंय आणि ते व्हील सिलेंडरपाशी (चाकात शू दाबणारा) उकळतंय. ऑइल दाबलं जात नाही पण वाफ दाबली जाते, मग पेडल मऊ, स्पंजसारखं लागतं. डॉट ३ (ब्रेक ऑइलची प्रत) ताजं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळायला नको, पण पाणी प्यायलेल्या ऑइलची हमी फक्त १४० ची. डॉट ४ ला हेच आकडे २३० आणि १५५. शेवटचं ऑइल कधी बदललंत? रंग काय आहे?

आणि गाडी एका बाजूला ओढते का? हे तुम्ही लिहिलेलंच नाही.

उंचबॉनेट:
@लो_रेंज, ऑइल कधी बदललं ते मलाच माहीत नाही, गाडी घेतल्यापासून फक्त टॉपअप. रंग चहासारखा. ओढते, जोरात दाबलं तर उजवीकडे. मला वाटलं जुन्या जीप ओढतातच.

पाना_चौदा:
"जुन्या जीप ओढतातच" 😂 हे बॉनेटवर रंगवून घ्या.

मूळपुरुष:
मी वेगळं बोलतो, राग मानू नका. या गाडीचं वजन साधारण एक टन. ज्या वेगासाठी ती बनवली त्या वेगाला ९ इंची ड्रम पुरतो, तो नीट असेल तर. लोक काय करतात, झिजलेले लायनर, गंजलेले सिलेंडर, अंडाकृती झालेले ड्रम घेऊन फिरतात आणि मग म्हणतात जुनी सिस्टीमच बेकार. ड्रम लेथवर फिरवून घ्या, नवे लायनर त्या ड्रमच्या गोलाईला घासून बसवा, म्हणजे शू पूर्ण रुंदीला टेकेल. नवा शू नुसता बसवला की तो मधेच किंवा टोकांनाच टेकतो आणि ब्रेक लागत नाही म्हणून नव्या शूच्या नावाने बोंब. खालचे दोन अँकर बोल्ट एक्सेंट्रिक असतात आणि वरती कॅमचा अ‍ॅडजस्टर वेगळा, हे कितीतरी मेकॅनिकना माहीतच नसतं, ते वरचा कॅम फिरवून मोकळे होतात. शूची टाच आणि बोट दोन्हीकडचं अंतर फीलर गेजने लावून बघा एकदा, वेगळीच गाडी वाटेल.

एवढं करूनही नाही भागलं तर मग कापाकापी करा. एकदा कापलेलं परत जोडता येत नाही.

चिखलगाडी:
@मूळपुरुष, "ज्या वेगासाठी बनवली" हे सगळं खरं, पण समोरून येणारा ट्रक आणि मागून येणारी नवी कार त्या वेगासाठी बनवलेली नाही ना. समोरच्याने एबीएस लावून गाडी जागच्या जागी थांबवली की तुमचा इतिहास त्याच्या डिकीत जातो.

डिस्क किटला कापाकापीही लागत नाही. बॅकप्लेट काढायची, त्याच बोल्टांवर कॅलिपरचा (पॅड दाबणारा चिमटा) ब्रॅकेट, हबवर रोटर म्हणजे डिस्कची चकती. परत ड्रम लावायचे तर लावा. फक्त रिम मोजा आधी, काही कॅलिपर १५ इंची रिमला आतून घासतात, १६ ला बहुतेक अडचण येत नाही.

स्टेअरिंगताई:
डिस्क विरुद्ध ड्रम चाललंय ते चालू द्या पण धागाकर्त्याने लिहिलेला सगळ्यात धोकादायक शब्द कोणी वाचला का? "सर्किट एकच". 

एकच सर्किट म्हणजे चार चाकांपैकी कुठेही एक पाइप फुटला, एक होज गेला, एका सिलेंडरचा रबर गेला की चारही चाकांचा ब्रेक शून्य. अर्धा नाही, शून्य. आमच्या ग्रुपमधल्या एका गाडीचा मागच्या अ‍ॅक्सलवरचा पाइप दगडाला चेपला गेला आणि उतारावर फुटला. पेडल थेट फळीला. नशीब लो रेंजमध्ये (जास्त जोर, कमी वेग) पहिल्या गिअरला होती म्हणून बांधाला टेकवून थांबवता आली. डिस्क असत्या तरी तेच झालं असतं, कारण ऑइल बाहेर गेल्यावर डिस्क काय आणि ड्रम काय.

तेव्हा पहिलं काम टँडम म्हणजे एकात दोन भागांचा मास्टर सिलेंडर. पुढची चाकं एका सर्किटवर, मागची दुसऱ्यावर. त्यानंतर हवं ते भांडा.

लो_रेंज:
ताईंना +१००. मी विसरलोच लिहायला.

अवांतर: लो रेंजचा विषय निघालाच आहे तर, ३बी ला टी-९० गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.८, ट्रान्स्फर केसची (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) लो २.४६ आणि डिफरन्शियल ५.३८. तिघांचा गुणाकार करा, ३७ येतो. म्हणजे इंजिन ३७ वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा. तीव्र उतारावर हाच तुमचा खरा ब्रेक, पेडल नुसतं मदतीला. तुम्ही उतार टॉप गिअरमध्ये पेडलवर उतरत असाल तर कुठलाही ब्रेक तापणारच.

उंचबॉनेट:
डांबरी उतारावर फोर व्हील लो कशी टाकणार? ती तर फोर व्हीलशिवाय लो मध्ये जात नाही ना.

लो_रेंज:
बरोबर, डांबरावर टाकू नका, ट्रान्समिशन आवळून बसते. तिथे हाय मध्येच, पण ज्या गिअरला चढला असता त्याच गिअरला उतरा.

कोष्टक_काका:
बूस्टरचा प्रश्न राहून गेला म्हणून थोडं गणित. कंटाळा आला तर शेवटचा परिच्छेद वाचा.

समजा तुम्ही पेडलवर २५ किलोचा जोर दिला आणि पेडलचं लिव्हर गुणोत्तर ६ आहे. मास्टरच्या दांड्यावर १५० किलो जातात. मास्टरचा बोअर १ इंच असेल तर पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण ५.०७ चौरस सेंटिमीटर, दाब झाला जवळपास ३० किलो प्रति चौरस सेंटिमीटर. आता तोच बोअर पाऊण इंच करा, क्षेत्रफळ २.८५, दाब ५२ च्या वर. पाय तोच, जोर तोच, दाब पावणेदोन पट. पण फुकट काही नाही, तेवढंच ऑइल ढकलायला पिस्टनला पावणेदोन पट लांब जावं लागतं, म्हणजे पेडलचा प्रवास वाढला.

डिस्कची अडचण इथे आहे. ड्रममध्ये पुढचा शू फिरत्या ड्रमसोबत ओढला जातो आणि आपणहून जास्त आवळतो, म्हणजे ड्रम तुमच्या पायाला मदत करतो. डिस्क ही मदत करत नाही, तिला दाब जास्त लागतो. शिवाय कॅलिपरचा पिस्टन मोठा, त्याला ऑइलही जास्त लागतं. दाब हवा तर बोअर लहान, ऑइल हवं तर बोअर मोठा, अशी ओढाताण. म्हणून लोक बूस्टर टाकतात. जुना ड्रमचा मास्टर तसाच ठेवून डिस्क लावल्या तर पेडल दगडासारखं कडक तरी होईल किंवा फळीला तरी टेकेल, दोन्ही प्रकार पाहिलेत.

हलकी गाडी, जुळणारा बोअर आणि पेडलचं गुणोत्तर ६ च्या आसपास असेल तर बूस्टरशिवाय पुढची डिस्क चालते. पाय जरा जोरात लागेल एवढंच.

मिशीवाला_मेकॅनिक:
काकांनी बरोबर सांगितलं. बूस्टरबद्दल अजून दोन गोष्टी. बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो, इंजिन बंद पडलं की साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोन दाब मिळतात आणि मग पेडल लाकूड. चढावर इंजिन बंद पडून गाडी मागे यायला लागते तेव्हाच नेमका ब्रेक लागतो, हे लक्षात घ्या. आणि कोणी इंजिन बदलून डिझेल टाकलं असेल तर त्याला थ्रॉटल प्लेट नसते, मॅनिफोल्डवर व्हॅक्यूम मिळणार नाही, वेगळा व्हॅक्यूम पंप हवाच.

दुसरं, पायाखालचा मास्टर काढून फायरवॉलवर लटकतं पेडल बसवणारे बरेच आहेत. बसवा, ऑइल बघायला सोपं पडतं, पाण्यात बुडत नाही. पण त्या फायरवॉलचा पत्रा पातळ आहे, मागून जाड प्लेट दिली नाही तर पेडल दाबलं की पत्राच वाकतो, आणि तुम्ही हवा काढत बसता दिवसभर की पेडल मऊ का.

पाना_चौदा:
हवा काढायची म्हणजे डाव्या बाजूची चाकं काढणार. एक प्रेमाचा सल्ला: या गाड्यांना डाव्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. स्टडच्या तोंडावर बारीक एल असतो. पान्यावर उभं राहून नाचण्याआधी तो एल शोधा.

मूळपुरुष:
हे मात्र खरंय. तुटलेले डाव्या बाजूचे स्टड हा या गाडीचा राष्ट्रीय अलंकार आहे.

गिअरऑइल_परफ्यूम:
एक शंका. मागेही डिस्क टाकल्या तर हँडब्रेकचं काय करतात? आजकालच्या गाड्यांसारखा कॅलिपरमध्येच हँडब्रेक लागेल का?

मिशीवाला_मेकॅनिक:
या गाडीचा हँडब्रेक चाकांवर नाहीच. ट्रान्स्फर केसच्या मागच्या बाजूला छोटा ड्रम आहे, तो मागचा प्रॉपेलर शाफ्ट धरतो. मागे काहीही लावा, त्याला फरक पडत नाही.

दोन धोके आहेत त्यात. ट्रान्स्फर केसचं मागचं ऑइल सील गळलं की सगळं ऑइल त्या ड्रममध्ये, मग लिव्हर कितीही ओढा. आणि दुसरं, तो शाफ्ट धरतो, चाक नाही, त्यामुळे मागचं एक चाक हवेत गेलं की डिफरन्शियल फिरून गाडी हँडब्रेक ओढलेला असतानाही चालायला लागते. जॅक लावताना नुसत्या हँडब्रेकवर भरवसा ठेवू नका, चाकांखाली ठोकळे लावा. चालत्या गाडीत तर तो ओढूच नका, यू-जॉइंटच्या कानफटात बसते.

गिअरऑइल_परफ्यूम:
बापरे. आजच ठोकळे करून घेतो.

स्वस्तातला_पुंडलिक:
कोणी ११ इंची ड्रमबद्दल बोलतच नाहीये. नंतरच्या सीजे गाड्यांना ११ इंची ड्रम होते, पुढच्या नकलला (चाक वळवणारा सांधा) बॅकप्लेटसकट बसतात. लायनरचं क्षेत्र मोठं, अ‍ॅडजस्टर खाली चक्रीवाला, आणि तो सर्वो टाइप आहे म्हणजे पहिला शू दुसऱ्याला ढकलतो. बूस्टर नको, कॅलिपर नको, पायाला हलका. फक्त एक सांभाळा, दोन शूंची लायनिंग सारखी नसते, आखूड लायनिंगवाला शू पुढच्या बाजूला. उलटे बसवले की ब्रेक अर्धाच लागतो आणि मेकॅनिक म्हणतो सेटल व्हायला वेळ लागेल.

चिखलगाडी:
११ इंची ड्रम म्हणजे ११ इंची चिखलाचा डबा.

स्वस्तातला_पुंडलिक:
तुमच्या उघड्या डिस्कचे पॅड एका पावसाळ्यात खलास होतात ते सांगा की. चिखल पॅड आणि रोटरच्या मधे जातोच, फक्त बाहेरही येतो एवढंच.

चिखलगाडी:
पॅड बदलायला चाक काढलं की झालं. तुमचं मागचं हब काढायला काय लागतं तेही सांगा मग.

मूळपुरुष:
शांत व्हा दोघंही. ब्रेक मारा.

निळंशार_ऑइल:
मी गाडी फारशी चालवत नाही, वर्षातून काही वेळाच निघते. सिलिकॉन म्हणजे डॉट ५ टाकलं तर? ते पाणी शोषत नाही म्हणे आणि रंगालाही काही करत नाही.

कोष्टक_काका:
शोषत नाही हे खरं, आणि डॉट ३-४ सांडलं तर रंग खातं हेही खरं. पण शोषत नाही म्हणून आत आलेलं पाणी गायब होत नाही, ते सगळ्यात खालच्या जागी वेगळं साचतं आणि नेमकं तिथे सिलेंडर गंजतो. शिवाय सिलिकॉनमध्ये हवेचे बारीक बुडबुडे धरून राहतात, ब्लीडिंग (हवा काढणं) हळूहळू करावं लागतं. आणि जुन्या डॉट ३-४ मध्ये ते मिसळायचं नाही, सगळी सिस्टीम धुऊन, रबर बदलूनच. डॉट ५.१ वेगळं, नाव जवळचं असलं तरी ते ग्लायकॉलचंच आहे, ३ आणि ४ बरोबर चालतं. गोंधळू नका.

मिशीवाला_मेकॅनिक:
आणि कोणीही, काहीही झालं तरी, अडचणीत सापडलो म्हणून इंजिन ऑइल किंवा स्टेअरिंगचं ऑइल ब्रेकच्या टाकीत ओतू नका. रबर सगळे फुगतात आणि मास्टरपासून चाकापर्यंत एकही कप वाचत नाही.

उंचबॉनेट:
सगळ्यांचे आभार. तुमच्या सांगण्यावरून चारही चाकं उघडली (डाव्या बाजूचे स्टड शाबूत आहेत, @पाना_चौदा).

मागची टेपर अ‍ॅक्सलची हबं निघता निघेनात. पुलर लावून ताण दिला, नट दोन आटे सैल करून तिथेच ठेवला आणि बाजूला झालो. डावं हब बराच वेळ काही बोललं नाही, आणि मी दुसऱ्या कामाला लागल्यावर बंदुकीसारखा आवाज करून सुटलं. नट नसता तर भिंतीत असतं.

आत बघितलं तर डावा मागचा शू गिअर ऑइलने चिंब, लायनर काळं, चकचकीत, त्या ऑइलचा कुबट वास. अ‍ॅक्सल सील गेलंय. पुढच्या डाव्या व्हील सिलेंडरचा एक पिस्टन जागीच जाम, हातोडीच्या दांड्याने ठोकल्यावर हलला. म्हणजे डाव्या बाजूला दोन्ही चाकं नावालाच, म्हणून उजवीकडे ओढत होती. पुढच्या होजचं एक टोक कापून बघितलं, बाहेरून चांगला पण आतलं भोक सुजून सुईएवढं राहिलंय.

लो_रेंज:
तो होज जपून ठेवा आणि जो कोणी डिस्कबद्दल विचारेल त्याला आधी दाखवा. आतून सुजलेला होज पायाच्या जोराने ऑइल पुढे जाऊ देतो पण परत येऊ देत नाही, मग चाक धरून बसतं आणि तापतं.

सील नुसतं बदलू नका, मागच्या अ‍ॅक्सलचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी वाट) बघा. तो चिखलाने बुजला की आत तापलेल्या हवेचा दाब होतो आणि नवं सीलही काही दिवसांत ऑइल बाहेर फेकतं. आणि गिअर ऑइल प्यायलेला शू पेट्रोलने धुऊन परत लावायचा विचार करत असाल तर नका करू, तापला की परत घाम फुटतो त्याला. लायनर नवेच.

उंचबॉनेट:
ब्रीदर बुजलेलाच होता. तारेने मोकळा केला, आता वरती नळी काढून बॉडीत उंचावर नेतोय.

ठरवलंय ते असं. चारही व्हील सिलेंडर, सगळे होज, मागची सीलं, नवे लायनर घासून. पाइप तांब्या-निकेल मिश्रधातूचे, डबल फ्लेअर करून. टँडम मास्टर पायाखालीच, चॅसीला ब्रॅकेट करून, सायलेन्सरचा पाइप जवळून जातो म्हणून मधे पत्र्याची आड. ऑइल डॉट ४. एवढं झाल्यावर चालवून बघणार आणि पुढे डिस्क टाकायची की ११ इंची ते मग. पण मास्टर असा निवडायचाय की उद्या डिस्क टाकल्या तर परत बदलायला लागू नये. रेसिड्युअल व्हॉल्व्हचं कोणी सांगेल का, ते डोक्यावरून जातंय.

चिखलगाडी:
म्हणजे शेवटी डिस्कच टाकणार. ठीक आहे, वेळ घ्या.

कोष्टक_काका:
ड्रमला लाइनमध्ये थोडा दाब कायम लागतो, साधारण १० पीएसआय, म्हणजे व्हील सिलेंडरचे रबर कप भिंतीला चिकटून राहतात आणि हवा आत खेचली जात नाही. जुन्या ड्रमच्या मास्टरमध्ये तो व्हॉल्व्ह आतच असतो. डिस्कला तो १० चा दाब चालत नाही, पॅड कायम घासत राहतील आणि रोटर तापेल. पण तुमचा मास्टर पायाखाली म्हणजे कॅलिपरपेक्षा खाली, त्यामुळे पाय काढल्यावर ऑइल परत मास्टरकडे उतरेल आणि पुढच्या वेळी पेडल लांब जाईल, म्हणून डिस्कच्या लाइनला २ पीएसआयचा व्हॉल्व्ह. तेव्हा आत व्हॉल्व्ह नसलेला मास्टर घ्या आणि दोन्ही सर्किटना बाहेरून बसवा. आज चारही ड्रम म्हणून दोन्हीकडे १० चे, उद्या पुढे डिस्क आल्या की फक्त पुढचा काढून २ चा.

स्टेअरिंगताई:
आणि पुढे डिस्क, मागे ड्रम झालं की मागच्या लाइनला अ‍ॅडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह, म्हणजे मागचा दाब कमी ठेवणारा. ब्रेक मारल्यावर वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात, आणि आखूड व्हीलबेसची जीप मागून आधी लॉक झाली तर गिरकी घेते. मोकळ्या ओल्या मैदानावर हळूहळू वेग वाढवत सेट करा, पुढची आधी लॉक व्हायला हवीत.

मिशीवाला_मेकॅनिक:
पेडलला अर्धा इंच फ्री प्ले ठेवा, नवा मास्टर बसवल्यावर तर आधी हेच बघा. दांडा पिस्टनला टेकूनच राहिला तर टाकीकडे जाणारं बारीक भोक उघडत नाही, गरम झालेल्या ऑइलला परत जायला वाट नाही, आणि तासाभराने चारही चाकं आपणहून धरायला लागतात. लोक ड्रम उघडतात, शू घासतात, आणि दोष असतो दांड्याच्या चेकनटमध्ये.

मास्टरमधली हवा बाकावरच काढून मग बसवा. चाकांची हवा काढताना सगळ्यात लांबचं चाक आधी.

पाना_चौदा:
आणि पेडलवर जो बसवाल त्याच्याशी आधी ठरवून घ्या की "धर" म्हणजे दाबून ठेव की सोड. आमच्याकडे यावरून अर्धी बाटली ऑइल माझ्या तोंडावर आलंय.